सांगाड्यावरचं नाव

माझी जुनी रेसिंग सायकल कोणी घडवली, हे मी सहा वर्षं शोधत होतो. शेवटी इटलीतल्या जुन्या सायकलींच्या एका जाणकाराचं उत्तर आलं: पायडलजवळ, सांगाड्याच्या खालच्या बाजूला कोरलेली अक्षरं पाठवा, कारागीर कोण ते सांगतो.

आणि सायकल कालच एरंडोलला सत्तारभाईंकडे रंगाला टाकलेली! आधी फोटो काढून ठेवायची अक्कल नव्हती मला. त्यांचा फोन लागेना. तसाच जळगावहून निघून त्यांचं दुकान गाठलं.

सत्तारभाई सायकली रंगवतात, लग्नाच्या भांड्यांवर नावंही टाकतात. त्यांनी हसत सायकल उलटी केली.

"प्रशीलभाऊ, खाली परक्याचं नाव होतं. घासून काढलं. आता कोणी म्हणू दे, ही तुमची नाही!"

तिथं सुबक अक्षरांत कोरलं होतं: प्रशील तायडे, जळगाव.