थर्ड शिफ्टचं पाणी

आमच्या चाकणच्या कंपनीत डिसेंबरात ऊर्जा बचतीचा आठवडा पाळतात. म्हणजे एच.आर.वाले गेटवर हिरवे फुगे लावतात, कँटीनमध्ये एक पाहुणा बोलावतात आणि त्याचं ऐकणाऱ्याला वडापाव देतात. यंदाचा पाहुणा कडक इस्त्रीतला एक उत्साही माणूस होता. पाणी तापवण्यात घरोघरी किती वीज वाया जाते याची त्याने पडद्यावर चित्रं दाखवली आणि शेवटी म्हणाला, "आज घरी गेल्यावर गरम पाण्याच्या पाइपला हात लावून बघा. पाइप गरम लागला तर समजा, तुम्ही पाणी नाही, गल्ली तापवताय." सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण मी ऐकलं. एप्रिलनंतर कुणाचं काही मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते.

एप्रिलमध्ये माझा नवरा ओंकार गेला. तो चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत होता. थर्ड शिफ्ट करून सकाळी मोशीत बसमधून उतरला आणि रस्ता ओलांडताना ट्रेलरने त्याला उडवलं. जमलेल्या बायका म्हणत होत्या, जयमालाला रडू द्या, मोकळी होईल. पण रडू येतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला लागत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. तेरावं झाल्यावर मी कामावर गेले आणि स्टोअरच्या खिडकीतून लोकांना हातमोजे, नटबोल्ट देऊ लागले. गल्लीला माझी फार काळजी होती, म्हणजे ही एवढ्यात कामाला जातेच कशी, याची.

घरात तिघं उरलो. सासूबाई कौशल्याबाई, ज्यांना मी आई म्हणते, सासरे भिमाजी, म्हणजे नाना, आणि मी. मोशीतलं जुनं शेतकरी घर. जमीन बिल्डरला गेली, आलेल्या पैशांत नानांनी तीन मजले बांधले आणि वरचे दोन भाड्याने दिले. गच्चीवर आमच्यापुरता सोलार आहे. पण त्याच्या टाकीचा पत्रा सडला होता, आतलं इन्सुलेशन पावसात भिजलं होतं आणि खाली येणारा पाइप उघडाच होता. दिवसभर तापलेलं पाणी सकाळी तळमजल्यावर पोचेपर्यंत गार व्हायचं. म्हणून बाथरूममध्ये गिझर होता.

ओंकार थर्डला असला की त्याची बस यायच्या बेताने आई गिझर लावायच्या. कामावरून आला की आधी आंघोळ आणि मग झोप, हा त्याचा नेम. तो गेल्यावरही आई गिझर लावत राहिल्या. त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. बस कोपऱ्यावर थांबायची, निघून जायची. मग बऱ्याच वेळाने आई बटण बंद करायच्या आणि भाकरी थापायला बसायच्या. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. नाना तेवढे वीजबिल आलं की चष्मा लावून बघायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे.

आईंना वेड लागलं होतं असं नाही. दुपारी त्या भाडेकरूंशी पाण्यावरून कडाकडा भांडायच्या. सकाळचा तेवढा वेळच काय तो तसा. मला भीती त्यांची नव्हती, माझी होती. गिझरचा लाल दिवा लागला की डबा भरता भरता माझाही हात थांबायचा आणि कान बसकडे लागायचे. बस पुढे गेली की ओंकार पुन्हा एकदा गेलेला असायचा. रोज सकाळी. हे मला बंद करायचं होतं, नाहीतर मी त्या घरात टिकले नसते. गिझर लावू नका, असं आईंना सांगायची हिंमत नव्हती. पण नळालाच गरम पाणी आलं तर त्यांना गिझर लावायचं निमित्तच उरणार नाही, हे मला कँटीनमध्ये वडापाव खाताना सुचलं.

रविवारी थेरगावहून कोंडीराम आला. तो सोलारची कामं करतो. टाकीभोवतीचं भिजकं इन्सुलेशन काढून त्याने नवं भरलं, वरून नवा पत्रा ठोकला. पाइपवर काळ्या फोमची नळी चढवायची होती, ती मी चढवू लागले. हाताला काम होतं, तेवढंच बरं वाटत होतं.

नाना गच्चीवर येऊन बघत उभे राहिले.

"मंग आता गिझर लावायचं कामच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना."

"बरं हुईल," म्हणाले आणि फोमचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

सोमवारी सकाळी आईंनी नळ सोडला. दोन तांबे गार पाणी आलं आणि मग वाफा निघायला लागल्या. आईंनी धारेखाली हात धरला, चटका बसला तसा काढून घेतला. गिझरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी डबा भरला, पिशवी घेतली आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की थर्डची बस केव्हा येऊन गेली ते मला कळलंच नव्हतं. तो आठवडा तसाच गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. आनंद म्हणता येणार नाही, पण सुटल्यासारखं.

पुढच्या रविवारी दुपारी नाना ओट्याशी लसूण सोलत बसले होते, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आई बाथरूममधून पदराला हात पुशीत बाहेर आल्या.

"दुपारचं बी पानी गरम हाय," त्या म्हणाल्या. "राती उठून बगितलं, तवाबी गरमच. लई बरं केलं जयमालानं. आता बशीचा टायम धरून बसाया नगं. कवाबी येऊ दे त्याला."

नानांचे हात थांबले. ते माझ्याकडे बघायला लागले. मला आईंचा राग आला, इतका की हातातला टॉवेल मी खाली टाकला. गिझर बंद तरी व्हायचा. हे पाणी आता रात्रंदिवस तयार राहणार होतं आणि ती सोय मी करून दिली होती.

"आई, तो येणार नाही," मी म्हणाले. हे वाक्य त्या घरात तोवर कुणी बोललं नव्हतं.

"ठावं हाय मला," आई म्हणाल्या. भाडेकरूंशी बोलतात त्याच आवाजात. "येड लागलंय व्हय मला? पर त्याला आंगुळ न्हाई घालता आली गं. बायकांनी दारात चूल मांडून पानी तापवलं व्हतं. दवाखान्यातनं त्याला बांधूनच आनला, सोडायचा न्हाई म्हनाले. ते पानी तसंच ऱ्हायलं."

मी त्या दिवशी घरातच होते. दारातली चूल मला आठवेना.

"मग त्या पाण्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तूच की," आई म्हणाल्या. "समदी स्मशानात गेल्यावर तू उठलीस, हात घालून बगितलंस, गार झालंय म्हनलीस आन् मोरीत वतून दिलंस. पातेलं घासून पालतं घातलंस. बाया नुस्त्या बगत व्हत्या."

यातलं मला काहीही आठवत नव्हतं. मी आईंच्या पायाशी खाली बसले आणि मग रडू आलं, मोठ्याने, आवरता येईना असं. आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाना उठले आणि त्यांनी गल्लीकडचं दार लावून घेतलं.