उजवीकडचे काळीज

लाल खडूचा तुकडा चिमटीतच मोडला तेव्हा माकिनोच्या लक्षात आले की वैद्यकशाळेचा वर्ग गप्प झाला आहे. मोडलेला अर्धा भाग घरंगळत फळ्याखाली गेला, आणि तो वाकून उचलावा की राहू द्यावा एवढ्याच विचारात तो थांबला — नखांत लाल भुकटी, किमोनोच्या बाहीवर लाल भुकटी... — मग त्याने वर पाहिले. फळ्यावर छातीचा पिंजरा होता, बरगड्या नेहमीसारख्या रेखीव, आणि त्यात हृदय होते. उजव्या बाजूला. टोक उजव्या काखेकडे कललेले, इतक्या सफाईने काढलेले की त्याला चूक म्हणवत नव्हते.

"सेन्सेइ," पहिल्या बाकावरून निशिदे हळूच म्हणाला. तो वर्गातला सर्वांत मोठा, दुपारी रुग्णालयात माकिनोच्या हाताखाली काम करणारा. "हा माणूस आरशातला आहे का?"

मागे कुणीतरी हसू दाबले.

"आरशातलाच," माकिनो म्हणाला आणि त्याने बाहीनेच हृदय पुसून टाकले. डावीकडे नवे काढताना हात जड झाला, जणू खोटे लिहीत होता.

हात खोटा नव्हता. हाताने ते हृदय प्रत्यक्ष ऐकले होते — म्हणजे कानाने. पण आता कान, हात, डोळे यांतले काय कुणाचे हे सांगता येत नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी धर्मादाय खाटेवर अंगाला सूज आलेली ओतोमे नावाची बाई आणली होती, आसानो नदीत रंगवलेले रेशीम धुणारी. त्याने डाव्या बाजूला कान लावला आणि त्याला काहीच ऐकू आले नाही. त्याला वाटले, मेली. आणि ती म्हणाली, "सेन्सेइ, तुमचे केस फार गार आहेत हो." मग उजवीकडे — धप्, धप् — बंद दाराआडून कुणी घाई न करता हाक मारावी तसे. यकृत डावीकडे. सगळी बाई आरशातल्यासारखी उलट. त्या दिवशी तो आनंदाने इतका वेडा झाला की पोरांना रांगेने उभे करून तिच्या छातीला कान लावायला लावले, आणि ती छताकडे बघत पडून राहिली. त्याने तिला समजावून सांगितले तेव्हा ती हसली. "म्हणजे मी खरंच उलटी. सासू जन्मभर हेच म्हणायची, आणि मी उगाच भांडत बसले."

मग त्याने चिरून अभ्यासायला तिचा देह मागितला. मेल्यानंतर. नीट मंत्रपठण होईल, नावाचा दगड बसेल, शाळा सगळे करील. तिने फार विचार केला नाही. "मागं रडायला कुणी नाही. घ्या." वर म्हणाली, "पण तुम्हीच हां. पोरांच्या हातात नका देऊ."

आणि मग ती बरी झाली. माकिनोच्याच औषधाने.

तेव्हापासून तो पुलावरून येतो. घरून शाळेला जायला सरळ रस्ता आहे, पण तो पुलावरून येतो, आणि कठड्याशी थांबून खाली बघत वाकून नमस्कार करतो. ओतोमे गुडघाभर पाण्यात उभी असते, हातातली लांबलचक रेशमी पट्टी प्रवाहात सोडून. खळ आणि जास्तीचा रंग निघून जातो आणि पाण्यात फुले उमटतात. ती दिसली की त्याच्या आत काहीतरी खाली बसते. सुटका असेल. किंवा... बायको एकदा म्हणाली होती, "पुलावर एवढं काय ठेवलंय?" आणि तो म्हणाला होता, "हवा." ओतोमे त्याला पाहून पाण्यातूनच ओरडते, "अजून आहे मी, सेन्सेइ," आणि बाकीच्या बायका हसतात. दर हिवाळ्यात ती मुळ्याच्या चकत्यांत बुरी मासा घालून आंबवलेले लोणचे आणून देते. तो खातो. चांगले असते.

आज सकाळी ती पाण्यात नव्हती.

वर्ग सुटल्यावर ओसरीत मुख्याध्यापक ताकेबे भेटले. बाहेर समुद्राच्या बाजूला ढग गुरगुरत होता — बर्फ येणार, बुरी मासा किनाऱ्याकडे येणार याची वर्दी देणारा तो दरवर्षीचा गडगडाट. ताकेबे खिडकीकडे बघत बोलले. "टोकियोचा पदवीधर येतोय. शरीररचनेला. वसंतात."

"मग मी?"

"तुझ्या नावावर एखादा शोधनिबंध छापलेला असता ना, माकिनो, तर मी भांडलो असतो." "ती तुझी नदीवाली बाई... कशी आहे?"

"ठणठणीत."

"चांगलं," ताकेबे म्हणाले, आणि तो शब्द दोघांच्या मध्ये नको त्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

दुपारी निशिदे बोलवायला आला. ओतोमे स्वतःच्या पायांनी आली होती, गाठोडे काखेत घेऊन. पावले सुजून गवती चपलेतून बाहेर आली होती, ओठ निळसर, आणि एका वाक्यात तीनदा श्वास घ्यावा लागत होता. तिला उशांवर टेकवून बसवले होते.

"आले बाई एकदाची," ती म्हणाली. "थंडीत पाणी... मानवलं नाही."

त्याने कान लावला. धप्, मग काहीच नाही, मग दोन घाईने. अंधारात जिना चुकणाऱ्या माणसासारखे. आणि त्याच क्षणी — तो हे नाकारू शकत नव्हता, कारण ते विचाराच्याही आधी आले — त्याच्या बोटांना सुरी कुठे टेकवायची ते कळले होते. छातीच्या मध्यापासून किंचित उजवीकडे, नेहमीच्या उलट. त्याने हात मागे घेऊन बाहीत लपवला.

हृदयासाठीचा डिजिटॅलिसचा अर्क कपाटात होता. त्याने बाटली काढली, पेला घेतला. थेंब पडू लागले. हे औषध कमी पडले तर काही होत नाही, जास्त झाले तर हृदय थांबते, आणि मधली ती अरुंद जागा कुणी बघत नसताना फक्त देणाऱ्याला माहीत असते... पाचवा की सहावा? तो मोजत होता, आणि मोजणारा कोण हे त्याला नक्की सांगता येईना. त्याने पेला ओतून टाकला.

"निशिदे, तू मोज."

"पण सेन्सेइ, तुम्ही तर..."

"तू मोज. मोठ्यानं. मला ऐकू येईल असं."

निशिदेने बावचळून मोजले. माकिनो भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिला. मग पेला त्याने स्वतःच तिच्या ओठांना लावला, आणि ती एका घोटात प्याली. काय आहे म्हणून विचारलेही नाही.

"कडू," ती म्हणाली. निशिदे पेला घेऊन गेला. ढग पुन्हा वाजला. "सेन्सेइ, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला, ओतोमे-सान."

"पुलावरून तुम्ही रोज वाकून नमस्कार करता. मला आधी वाटायचं, केवढा मान देतो हा माणूस, धुणेवालीला." तिने श्वास घेतला. "मग कळलं. तो नमस्कार मला नसतो. इथं असतो." तिने उजव्या छातीवर हात ठेवला. "तोंडाकडे तुम्ही कधी बघतच नाही."

काहीतरी बोलायला हवे होते. तो म्हणाला, "तसं नाही."

"असू दे. शब्द दिलाय तो दिलाय. मी काय पळून चालले?" तिला हसू आले, आणि हसण्याने धाप लागली. "फक्त आता... मी आहे तोवर... इकडे बघा की जरा."

त्याने बघितले. एवढी साधी गोष्ट, पण पाण्यात उतरल्यासारखे वाटले. डाव्या भुवईत जुना व्रण, तिथे केसही उगवत नव्हता. वरच्या ओठावर बारीक लव. डोळे आपण समजत होतो तसे काळे नव्हते, पिवळसर तपकिरी होते, आणि त्यांत आत्ता, या क्षणी, भीती होती — हसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत, साधी, कुणालाही वाटते तशी. तीन वर्षांत तिची प्रत्येक बरगडी त्याने मनाने काढून ठेवली होती, आणि ही भीती त्याला माहीत नव्हती.

"कसं आहे?" तिने विचारले. "मी जगेन का?"

प्रत्येक खाटेशी देतो ते धीराचे उत्तर त्याच्या जिभेवर आले. ते त्याने गिळले. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "सकाळपर्यंत मी इथंच बसतो."

"कशासाठी बसताय?"

या प्रश्नात टोमणा नव्हता. ती उत्तरासाठी थांबली नाही. डोळे मिटले, श्वास जरा लांबला. खिडकीवर पहिला ओला बर्फ चिकटू लागला.

शाळेत देह टेबलावर घेतात तेव्हा आधी तोंडावर पांढरे फडके टाकतात. मृताचा मान म्हणून, असे तो पोरांना सांगत आला होता. एवढी वर्षे त्याने ओतोमेचे ते टेबल मनात शेकडो वेळा मांडले होते, आणि फडके नेहमी आपल्या जागी असे, घडी न मोडता. त्याने आता पुन्हा ते मांडून पाहिले — सवयीने, नको असतानाही. देह आणला, दिवा सरकवला, फडके टाकले. ते घसरले. त्याने पुन्हा टाकले. खाली तपकिरी डोळे उघडे होते आणि त्याच्याकडे बघत होते, आणि फडके काही केल्या राहीना.