मोरचेलवाली

जयंतीनं बैठकीच्या खिडकीवर सोलापुरी चादर ताणून बसवली, तरी एका कोपऱ्यातून दुपारच्या उन्हाची तिरीप आत येतच होती. ती तिरीप तिनं मुद्दाम ठेवली होती. खोलीत पुरता अंधार झाला नाही, तर संग्रहालयातून आलेल्या मुलीचा तपासणीचा दिवा नीट चालणार नाही, एवढं तिला कळत होतं.

“अगं, तो कोपरा राहिला,” सदाशिवराव म्हणाले.

तिनं तोही खोचला.

सदाशिवराव विमा कंपनीच्या बदलीवर जयपूरला आले आणि जुन्या चित्रांच्या नादानं इथलेच होऊन बसले. प्रताप नगरातल्या घराच्या भिंती त्यांनी बावीस चित्रांनी भरून टाकल्या होत्या. त्यातलं सर्वांत लाडकं चित्र आज फ्रेममधून निघून टेबलावर आलं होतं. गच्चीवर बसलेली राणी आणि तिच्यामागे मोरपिसांचं मोरचेल घेऊन उभी असलेली दासी. दोनशे वर्षांपूर्वीचं. ते संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं, आणि ते अस्सल आहे ना हे बघायला तिथून तनया आली होती. बँकेतल्या मराठी माणसाची ही लेक जयपुरातच वाढलेली. मराठी बोलताना मध्येच अडखळायची.

चित्र घेतल्याला चौदा वर्षं झाली होती. घरी येईल त्याच्या हातात भिंग देऊन सदाशिवराव एकच सांगत, “राणी सोडा हो. त्या मोरचेलवालीचा चेहरा बघा. सगळ्या चित्राचा जीव तिथं आहे.” पाहुणा भिंगाला डोळा लावी आणि जयंती चहा टाकायला आत जाई. त्या चेहऱ्यापायी या घरात किती दूध उकळलं असेल, त्याचा हिशेब देवच जाणे. तिनं स्वतः भिंग कधी हातात घेतलं नव्हतं.

तनयानं जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा लावला. राणीच्या ओढणीतला जुना पिवळा रंग एकदम उजळून निघाला. सदाशिवराव लहान मुलासारखे हसले. मग दिवा मागे सरकला आणि मोरचेलवालीचा चेहरा होता तिथं नखाएवढा काळा डाग दिसला.

तनयानं दिवा पुन्हा तिथं नेला. मग भिंग घेतलं.

“काका, बाकी सगळं अस्सल आहे. फक्त हा चेहरा… मतलब, हा नंतर काढलाय. या प्रकाशात नंतरचा रंग काळा दिसतो. आणि हिची नथ बघा ना. इकडे मोठी गोल नथ असते, रिंगसारखी. ही मोत्यांची आहे. माझ्या आजीची होती तशी.”

सदाशिवरावांनी बघितलं. रोज डोळ्यांसमोर असलेली नथ त्यांना कधी खटकली नव्हती. खटकणार तरी कशी? आईच्या नाकात तीच, बायकोच्या नाकातही तीच.

“पृथ्वीराजनं फसवलं मला,” ते म्हणाले. “दर तीजेच्या सणाला घेवराची मिठाई घेऊन येतो, याच खुर्चीत बसतो, आणि…”

मुरलीपुऱ्यातल्या पृथ्वीराज या म्हाताऱ्या चित्रकाराकडून त्यांनी हे चित्र घेतलं होतं. परक्या गावात जिवाभावाचा म्हणावा असा हा एकच मित्र. सदाशिवरावांनी चाचपडत फोन उचलला. आता गप्प राहिलं तर एका सरळ माणसाच्या कपाळी लबाडीचा शिक्का बसणार होता.

जयंतीनं फोनवर हात ठेवला.

“त्यांनी नाही हो. तो चेहरा मी काढलाय.”

मग तिनंच पुढे सांगितलं. “चित्र घरी आलं त्याच वर्षी दिवाळीची साफसफाई काढली होती. तुम्ही कामासाठी कोट्याला गेला होता. काचेच्या आत बुरशी दिसली म्हणून फ्रेम उघडली आणि देवांच्या तसबिरी पुसतो तसं ओल्या फडक्यानं पुसलं. चेहरा फडक्यावर आला. ते फडकं घेऊन रडत मुरलीपुऱ्याला गेले. पृथ्वीराजजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणाले, ‘बेटी, आँख मेरी नहीं चलेगी, हाथ तेरा चलेगा।’ खारीच्या केसांचा कुंचला दिला आणि आठ दिवस रद्दी कागदावर नुसत्या रेघा मारायला लावल्या. नवव्या दिवशी चेहरा काढला. ह्यांना सांगू नका, अशी शपथ मीच त्यांना घातली होती. नथ तशी झाली ते त्यांना दिसलं नाही. मलाही नाही.”

तिनं मान खाली घातली. चौदा वर्षं ती ज्या वादळाला भीत आली होती, ते आता येणार होतं.

सदाशिवरावांनी फोन ठेवला. खिडकीवरची चादर ओढून काढली, भिंग उचललं आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

“डोळा कसा काढलास?”

“श्वास धरून.”

तनया हळूच म्हणाली, “काढून टाकता येईल, काका. कापसाच्या बोळ्यानं, अर्ध्या तासात. म्युझियमवाले बहुतेक तेच सांगतील.”

“खाली काय निघेल?”

“खाली? कोरा कागद.”

“मग ती आहे तिथं राहील. राहणार असेल तर चित्र तुमचं. नाहीतर खिळा अजून भिंतीत आहे.”

तनयानं दोघांकडे बघितलं आणि नोंदीचा कागद पुढे ओढला. “मी तसं लिहिते. पक्की नोंद असली की आमच्या मॅडम ऐकतात.” ती एकेक रकाना भरत गेली. चित्रकार : अज्ञात. नंतरची दुरुस्ती कोणी केली, इथं तिचं पेन थांबलं. “इथंही अज्ञात लिहू?”

“छे! हे नाव माहीत आहे,” सदाशिवराव म्हणाले, आणि पूर्वी विम्याचा अर्ज भरून घेताना सांगत तसं सावकाश, एकेक शब्द तोडून सांगू लागले. “जयंती. सदाशिव. मंगळवेढेकर. आणि खाली लिहा, शिकवणारे पृथ्वीराजजी, मुरलीपुरा.”

काय करावं ते न सुचून जयंती सवयीनं उठली.

“चहा टाकते.”

“तू बस. चहा मी टाकतो.” त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. “तू मोरचेलवालीचा चेहरा बघ.”

ते आत गेले. जयंतीनं पदरानं डोळे पुसले, भिंग पुसलं आणि चित्रावर वाकली. स्वयंपाकघरात डबे एकेक करून उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येऊ लागले.

“अगं, साखर कुठंय?”

तिनं ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. ती अजून बघतच होती.