‘सुरक्षित’ एवढंच लिहिलं होतं

मी एक पांढरा फळा बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा काचेसारखा गुळगुळीत होतो. आता कडेला ओरखडे आहेत, आणि कुणीतरी चुकीच्या पेननं काढलेला एक बाण अंगावर कायमचा राहिलाय.

माझी खोली संगणक विभागाची. शहरातल्या दवाखान्यांच्या माहितीसेवांची सूची इथे तयार होते. कोणती सेवा काय माहिती देते आणि ती कशी मागायची, हे त्यात असतं. विभागप्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. सुरक्षेच्या रकान्यात प्रत्येक सेवेपुढे एकच शब्द असे, ‘सुरक्षित’. माणसांना हा शब्द फार आवडतो. तो लिहिला की पुढचं विचारायला कुणी येत नाही.

एका दुपारी मॅडमचा धाकटा दीर आला. तो तातडीच्या विभागात डॉक्टर. बस म्हटलं तरी बसला नाही.

“वहिनी, मागच्या महिन्यात एक आजोबा आले. घराला आग लागलेली. बेशुद्ध, दोन्ही हात भाजलेले. संगणकावर त्यांचे जुने कागद बघायला गेलो, तर तुमची सेवा रुग्णाचा अंगठा मागते. कुठून आणू?”

“मग काय केलंस?”

“जखमांचं विष अंगात पसरत होतं. जंतू मारायचं नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. यांचे कान कमजोर आहेत, हे औषध देऊ नये, असं त्या कागदांत होतं, ते नंतर कळलं. जीव वाचला. ऐकू येणं गेलं.”

मॅडमनी सेवा तयार करणाऱ्या अभियंत्याला बोलावलं. तो सहज म्हणाला, “डॉक्टरांच्या कार्डानंही उघडते की. आणीबाणीत चालतं.”

“हे कुठे लिहिलंय?” दिरानं विचारलं.

मॅडमनी सूची उघडली; रकान्यात एकच शब्द होता, ‘सुरक्षित’.

त्या दिवसापासून माझ्या अंगावर उभ्या रेघा पडल्या. मॅडम सुरक्षेच्या उपायांची वर्गवारी करू लागल्या. कोण आलंय हे ओळखणारे एकीकडे : पासवर्ड, कार्ड, अंगठा. ओळख पटल्यावर काय बघू द्यायचं हे ठरवणारे दुसरीकडे. वाटेत कुणी वाचू नये म्हणून माहिती सांकेतिक करणारे तिसरीकडे. कोण काय बघून गेलं याची नोंद ठेवणारे शेवटी.

अभियंत्याला पटेना. “मॅडम, कुलूप कसलं ते चोराला सांगायचं का?”

“किल्ली कुठे देतोय? कुठली घेऊन यायचं, तेवढं सांगतोय.”

“आणि आणीबाणी कशात टाकायची? ओळखीत?”

मॅडमनी एकेका रकान्यावर पेन टेकवलं. “नाही. डॉक्टर कोण, ते कार्ड सांगतं. आजोबांना न विचारता कागद बघायचे, ती परवानगी. आणि बघितले, तर नोंद झालीच पाहिजे.”

एकच गोष्ट तीन रकान्यांत गेली. अभियंत्यानं डोकं खाजवलं, पण सूचीत ती त्यानंच नीट उतरवली.

काही आठवड्यांनी ते आजोबा लेकीबरोबर तक्रार द्यायला आले. मॅडमनी माझा कोपरा पुसला आणि लिहिलं, “कार्डानं उघडत होतं. आम्ही सूचीत लिहिलं नव्हतं.”

आजोबांनी वाचलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलले, “आता लिहिलंय?”

“हो,” मॅडमनी लिहिलं.

“दाखवा.”

मॅडम बाजूला झाल्या. आजोबांनी चष्मा लावला आणि माझ्यासमोर उभं राहून रकाना न् रकाना वाचला. मग लेकीकडे बघून मान डोलावली. लेकीनं तक्रार मागे घेतली नाही. मागे घ्या, असं मॅडमही म्हणाल्या नाहीत.

आता माझ्यावर शाई धड उमटत नाही. उद्या मला भिंतीवरून उतरवतील. नेण्याआधी खुशाल पुसा; जे राहायला हवं, ते सूचीत गेलंय.