दंडावरचे वळ

रोज सकाळी मुली यायच्या आधी कोचताई ग्लोव्हजच्या बारा जोड्या फडक्यानं आतून पुसायच्या आणि शाळेच्या हॉलच्या खिडकीत वाळत ठेवायच्या. आठ वर्षांत एक दिवस खाडा नाही. कुणी जपाला बसावं, तशा त्या या कामाला बसत. मग एकोणीस मुली ओळीत उभ्या राहत आणि हातांना पट्ट्या गुंडाळता गुंडाळता एक वाक्य म्हणत, "रिंगबाहेर हात उचलणार नाही."

वाक्य ताईंचंच. बॉक्सिंग शिकणारी मुलगी म्हणजे दांडगट, उद्या नवऱ्याला बडवेल, हिला कोण करून घेणार, हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. एकीचा जरी हात सुटला तरी नावं साऱ्या खेळाला ठेवली जातील, म्हणून त्यांनी हा नेम घालून दिला होता.

त्या सोमवारी चिमणी उशिरा आली. सगळ्यांत हलक्या वजनगटात खेळायची म्हणून पडलेलं हे नाव. ती ताईंची पहिली विद्यार्थिनी. दीड वर्षापूर्वी लग्न झालं होतं आणि आता ती लहान मुलींना शिकवत होती. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, डाव्या डोळ्याखाली सूज, हातात वर्तमानपत्र.

"ताई, वाचलंत?"

ताईंनी वाचलं. 'ठोसे खाऊन सुनेचा चेहरा सुजला! मुलींना हा खेळ कशाला?' खाली चिमणीच्या सासूबाईंचं म्हणणं छापलं होतं. गल्लीत कुणीतरी सुजेबद्दल विचारलं, सासूबाईंनी बॉक्सिंगचं नाव पुढे केलं, आणि विचारणारीचा भाऊ नेमका पेपरात कामाला.

"पण तू तर दोन आठवडे रिंगमध्ये उतरलीच नाहीस. मग हे कुठलं?"

चिमणीनं बाही खाली ओढली. ताईंनी तिला सामानाच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि काही न बोलता शर्टाची बाही वर सारली. दंडावर चार काळेनिळे वळ होते, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक.

"त्यानं?"

चिमणीनं मान डोलावली. नवरा औषधाच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकांशी इतका गोड बोलायचा की म्हाताऱ्या त्याला आशीर्वाद देऊन जायच्या.

"अगं, निदान तोंडापुढे हात धरून गार्ड तरी घ्यायचास!"

"कशी घेणार? शेजारीपाजारी म्हणाले असते, बॉक्सर सून नवऱ्याच्या अंगावर गेली. उद्या पेपरात आलं असतं. तुम्हीच शिकवलंत ना ताई, हात उचलायचा नाही म्हणून."

"उचलायचा नाही म्हटलं होतं. मार खायचा म्हटलं होतं का गं कधी?" ताईंचा आवाज चिरकला. खेळाच्या नावासाठी ही पोर मार खात होती, आणि त्याच माराचा डाग खेळावर लागत होता. कुणावर चिडायचं? पेपरवर, नवऱ्यावर, की रोज सकाळी स्वतःच म्हणवून घेतलेल्या वाक्यावर?

"कुणाला सांगू नका," चिमणी म्हणाली. "माझी शपथ आहे."

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी त्याच हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. वर्ग चालू ठेवायचा की बंद, एवढाच विषय. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर सावरून, पेपरची घडी मांडीवर घेऊन.

"माझी सून बघा," त्या म्हणाल्या. "कशी होती आणि काय झालीय! हा काय बाईमाणसाचा खेळ आहे?"

"आमची तर परवा भावाला म्हणाली, ये, दाखवते तुला," एक वडील म्हणाले. दोघेतिघे हसले.

"भावानं आधी वेणी ओढली होती, ते नाही सांगितलंत," मागून कुणाची तरी आई म्हणाली.

मुख्याध्यापिका ताईंकडे वळल्या. "बाई, तुमचं काय म्हणणं? पेपरात शाळेचं नाव आलंय. मला उत्तर द्यावं लागतं."

ताई उभ्या राहिल्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर वर्ग वाचला असता. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं. "माझ्या वर्गात ही सूज आलेली नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग काय आकाशातून पडली?" सासूबाई फिस्कारल्या.

तेव्हा चिमणी उठली. खिडकीतला एक ग्लोव्ह घेतला आणि सासूबाईंच्या पुढ्यात पेपरवर ठेवला. मग बाही खांद्यापर्यंत वर केली.

"आई, ह्या ग्लोव्हला बोटं कुठायत, दाखवा."

सगळ्यांनी आधी दंडाकडे पाहिलं, मग त्या गुबगुबीत, अंगठा सोडला तर बिनबोटांच्या ग्लोव्हकडे. सासूबाईंचा चेहरा लाल झाला.

"त्यात काय एवढं? नवरा आहे तो! आम्ही नाही मार खाल्ला? आमच्या वेळी कुठं होतं बॉक्सिंग?"

बोलून गेल्या आणि थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं. त्यांनी ग्लोव्ह अलगद उचलून बाजूला ठेवला आणि पेपरची घडी पिशवीत कोंबली.

चिमणी त्या दिवशी सासरी परतली नाही. ताई तिला घेऊन चौकीवर गेल्या. तिथला हवालदार हसून म्हणाला, "बॉक्सर ना तुम्ही? मग तुम्हाला कोण मारणार?" तक्रार लिहून होईपर्यंत दोघी बाकावरून उठल्या नाहीत.

वर्ग बंद झाला नाही. 'तूर्तास' चालू राहिला. पेपरनं चुकीबद्दल अवाक्षर छापलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी ग्लोव्हज पुसून खिडकीत ठेवले आणि दाराकडे बघत बसल्या. एकोणिसातल्या अकराच आल्या. आठ जणींच्या घरात अजून तोच पेपर खरा होता.

अकरा जणींनी पट्ट्या हातात घेतल्या. "रिंगबाहेर हात उचलणार नाही," असं म्हणून त्या थांबल्या.

"आणखी एक आहे," ताई म्हणाल्या. "चिमणे, तू सांग."

चिमणी आज अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती. वळ पिवळे पडत चालले होते.

"आणि आपल्यावर कुणी उचललेला हात लपवणार नाही."

पहिल्यांदा मुलींचे आवाज मागेपुढे झाले. ताईंनी ते पुन्हा म्हणवून घेतलं.