कापडाची कावीळ

कामतघरच्या चाळीमागे सकाळीच रांग लागली होती. शिफ्ट सुटलेले यंत्रमागावरचे लूमवाले घरीही न जाता उभे होते. दाजी वैदू रोग्याच्या हातांवर आधी तांबूस 'मंतरलेलं' पाणी चोळायचे, मग चुन्याची निवळी ओतायचे. घमेल्यात पिवळंजर्द पाणी पडलं की म्हणायचे, "बघा, कावीळ कशी धारेनं उतरतेय. डॉक्टरला दिसली का कधी?"

नगरपालिकेची नर्स हमिदा तुळजाला शोधत तिथे आली. तुळजाला सातवा महिना, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी कालच तिला इस्पितळात भरती व्हायला सांगितलं होतं आणि सासू ठमाबाईने तिला इथे आणून उभं केलं होतं.

हमिदाने आपल्या मामेबहिणीची गोष्ट सांगितली. इथेच हात धुऊन ती घरी बसली आणि आठव्या दिवशी गेली. रांगेतून लगेच बरं झालेल्यांच्या दहा गोष्टी आल्या. गोष्टीला गोष्ट भिडवून हाती काही लागत नाही, हे ठाऊक असून आपण पुन्हा तेच केलं, याचा तिला संताप आला.

तिने स्वतःचे धडधाकट हात पुढे केले. पाणी पिवळंच.

"तुमच्याही पोटात लपून बसलीय, ताई," दाजी म्हणाले. लोक हसले.

मग हमिदाने एका कामगाराच्या खांद्यावरची कोऱ्या कापडाची चिंधी घेतली, तांबूस पाण्यात भिजवली आणि निवळीत बुडवली. चिंधी पिवळी झाली.

"काल लूमवरून उतरलेल्या कापडाला कावीळ कधी झाली, दाजी? ही आंब्याच्या झाडाची साल उकळलीय. तिला चुना लागला की पिवळा रंग सुटतो."

दाजींनी घमेलं मागे ओढलं. पण रांगेतून एकही माणूस हलला नाही.

"रंगाचं ऱ्हाऊ द्या," ठमाबाई म्हणाली. "माजा ल्योक मोरू हितंच बरा झाला. त्यो खोटा हाय का?"

"मोरू खराच आहे, मावशी. पण मोरू एक आहे." हमिदाने वही काढली. दोन महिने ती काविळीच्या प्रत्येक घरी जाऊन लिहून घेत होती. हात धुतलेले चाळीस, त्यातले अडतीस बरे झाले. न धुतलेले बावीस, त्यातले एकवीस बरे झाले. "धुतल्याने काय फरक पडला, सांगा. बहुतेकांची कावीळ आपोआपच उतरते. गेल्या त्या तिघी."

"कोन तिघी?"

"तिघीही गरोदर. तिघींनाही इस्पितळात न्यायला उशीर झाला."

"हे कुनी बोललं न्हाय आमाला."

"बोलायला त्या रांगेत कशा येतील?"

ठमाबाईने सुनेकडे पाहिलं. तुळजाने तोवर पदराला हात पुसले होते. "आत्या, रिक्षा बघा," ती म्हणाली.

रिक्षा निघाली तेव्हा तुळजाची रिकामी जागा मागच्या माणसाने भरली होती. हमिदाने ते पाहिलं आणि वही उघडून ती रांगेतल्या पहिल्या माणसापाशी जाऊन उभी राहिली.

बरं झालेल्याचं जरूर ऐकावं. पण औषध ठरवण्याआधी सगळ्यांची चौकशी करावी, आणि जे सांगायला उरले नाहीत त्यांच्या घरी आधी जावं.