धर्माभाऊंचा बारावा दोष

गाडी विकायला आलेला माणूस आल्या आल्या तिचे सतरा दोष वाचून दाखवू लागला, तर घेणाऱ्याने करायचं काय? दोष काढणं हे आमचं काम. त्यासाठी मी आणि आमचे जावई जितेशराव आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार झालो होतो. आणि हा गृहस्थ शंभर पानी वही उघडून उभा!

रविवारी सकाळी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. एकच मॉडेल, एकच साल, पाच माणसं सामानासकट मावतील अशा. पांढरी प्रितेशची, त्याचं वापरलेल्या गाड्यांचं दुकान आहे. करडी धर्माभाऊंची, ते खाडीकाठचे शेतकरी, घरचीच गाडी विकायला काढलेली.

खरं गिऱ्हाईक प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं होतं. आमची सौ., वसुंधरा. ऑपरेशन झाल्यापासून तिचा उजवा गुडघा अर्ध्यावरच वाकतो. रिक्षात पाय मावत नाही. पाच महिने ती फाटकाबाहेर पडलेली नाही. बोळिंजच्या सख्ख्या बहिणीशी, संजनाशी, फोनवरच भांडते. ते भांडण समोरासमोर व्हावं, एवढ्यासाठी ही गाडी.

“काका, सिंगल हँड,” प्रितेशने सुरुवात केली. “लेडी डॉक्टर चालवायच्या. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.”

वसईत विकायला निघालेल्या प्रत्येक गाडीमागे एक डॉक्टरबाई असते. इतक्या डॉक्टरबाई असूनही आमच्या गुडघ्याला अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली होती.

“पाण्यात उभी होती कधी?” जितेशरावांनी विचारलं.

“या गाडीने पाणी बघितलंय ते फक्त वायपरचं!”

धर्माभाऊंनी चष्मा सारखा केला. “एक. माझ्या गाडीत पानी आलतं. शीटपर्यंत. दोन दिवस तशीच हुबी होती. दोन. एसी थंड करतो, पन वास मारतो. तीन...”

“अहो, थांबा!” मी म्हणालो. “तुम्हाला गाडी विकायचीय की तिची बदनामी करायचीय?”

“विकायचीच हाय, साहेब. पन उद्या रस्त्यात तुमी मलाच धरनार.”

“आम्हाला काही शोधू द्याल की नाही?”

“शोधा की. वहीत नसंल तर लिवून घेतो.”

त्याहून संतापजनक म्हणजे प्रत्येक दोषाचे पैसे या माणसाने आधीच कापून किंमत सांगितली होती. घासाघीससुद्धा आमच्या पाठीमागे उरकलेली!

वाचता वाचता धर्माभाऊ सहज पांढऱ्या गाडीत वाकले आणि पुढचा सीटबेल्ट ओढत गेले. दोन हात पट्टा बाहेर आला आणि शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ दिसली.

“ती डिझाइन आहे,” प्रितेश म्हणाला.

“माझ्या पन गाडीला हाय तीच डिझाइन. चार नंबर.”

“मी बसून बघते,” वसुंधरा म्हणाली. तोपर्यंत हे कोणाला सुचलंच नव्हतं. व्हिडिओत मागच्या सीटवर कोणी बसत नाही.

पांढऱ्या गाडीचा मागचा दरवाजा थोडा उघडून अडला. ती आधी सीटवर टेकली, पण पाय आत घेताना दरवाजाला अडकला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडकला. तिने ओठ दाबून धरले.

“काकी, दोन-चार दिवसांत सवय होईल,” प्रितेश म्हणाला.

“कोणाला? दरवाजाला?” मी म्हणालो. या वेळी मी खरोखरच चिडलो होतो.

ती काठी टेकत करड्या गाडीकडे वळली. धर्माभाऊंनी घाईघाईने पान उलटलं. “बाय, जपून! दोष बारावा. डाव्या अंगाच्या मागच्या दरवाजाला थांबवनारी पट्टी नाय. पार उघडतो.”

दरवाजा खरोखरच पार उघडला, पुढच्या दाराला टेकेपर्यंत. वसुंधरा बसली. पाय आत गेला. तिने साडी नीट केली आणि समोर बघत बसली.

“पट्टी तुटली कशी?” जितेशरावांनी विचारलं.

“तुटली नाय, मीच काढली. आयेचा पाय आत येत नव्हता.” धर्माभाऊंनी वही मिटली. “आये गेली चैतात. आता दोषच ना तो.”

प्रितेशने पांढऱ्या गाडीचा दरवाजा हळूच लावला.

“घेतली,” मी म्हणालो.

“बरं. मंगलवारी आनून देतो. वालीवच्या गॅरेजात नवी पट्टी टाकून...”

“हात तर लावून बघा!” मी ओरडलो. “तो दोष आम्ही पसंत केलेला आहे!”

“वहीतला दोष मी तसाच गळ्यात मारनार नाय, साहेब.”

“मारा! मी मागतोय!”

“नाय जमनार.”

“अहो,” गाडीतून आवाज आला. “मी उतरत नाहीये. धर्माभाऊ, स्टिअरिंगवर बसा. बोळिंज.”

“बाय, कागदं...”

“कागदं नंतर हे करतील. आधी बोळिंज.”

धर्माभाऊंनी बराच विचार केला. मग खिशातलं पेन काढून बाराव्या दोषावर काट मारली, वही माझ्या हातात दिली आणि स्टिअरिंगवर बसले. मी पुढे बसलो.

फाटक बंद होतं. वॉचमन टाकीमागे बाटली भरत होता. धर्माभाऊंनी हॉर्न दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला.

“हॉर्न वाजत नाही!” मी कडाडलो. शेवटी एक तरी सापडला होता.

“सोला नंबर,” धर्माभाऊ म्हणाले.

मी वही उघडून बघितलं. होता. तक्रारीला तसूभर जागा ठेवली नव्हती त्या माणसाने. मुकाट्याने खाली उतरलो आणि फाटक उघडलं.